सिंह राशीचा विज्ञानकथाकार

१ जुलै, मंगळवार

आजपासून रोजनिशी. मोठे लेखक ठेवतात. पुढेमागे कुणी माझ्यावर प्रबंध लिहायला घेतला तर साधनं हाताशी हवीत. (हयातीत मात्र कुणाला वाचायला द्यायची नाही. योगिनीला तर मुळीच नाही.)

प्रबंधकारासाठी नोंद: मी महेश, वय चौतीस, मुक्काम मखमलाबाद, नाशिक. विज्ञानकथाकार. कॉम्प्युटर क्लासमधली नोकरी मे महिन्यात सोडली. क्लासही त्याच आठवड्यात बंद पडला, हा योगायोग.

आज जेवताना नानांनी विषय काढला. नाना म्हणजे वडील. थोडा झेंडू, थोडा गुलाब आणि फुलबाजारात एक गाळा, एवढं त्यांचं विश्व. माझं विश्व साधारण चौदाशे कोटी वर्षांचं आहे, पण ते त्यांना सांगण्यात अर्थ नाही. नाना म्हणाले, दिवाळीपोत लिही काय लिहायचं ते. 'सुवर्णझुंबर'मध्ये तुझं नाव छापून आलं तर वरची खोली तुझी, कोणी काय बोलणार नाय. नाय आलं तर पाडव्यापासून माझ्यासंगं गाळ्यावर यायचं. माझे गुडघे आता लय बोलत्यात.

मी ताबडतोब हो म्हणालो. एक कथा आणि साडेतीन महिने! म्हाताऱ्याला हिशोब कळत नाही.

'सुवर्णझुंबर'च का, तर आमच्या घरात शिरणारा तो एकच दिवाळी अंक. कथा-बिथा नाना वाचत नाहीत. ते वाचतात त्र्यंबकच्या वाल्मीकशास्त्रींचं वार्षिक राशिभविष्य. लक्ष्मीपूजन झालं की सगळ्यांना समोर बसवून मोठ्यानं वाचतात आणि त्यावरून पुढल्या वर्षी झेंडू किती, शेवंती किती ते ठरवतात. एकविसाव्या शतकात! मी त्या वेळी दर वर्षी कानात इअरफोन घालून गच्चीवर जातो. विज्ञाननिष्ठेला घरापासूनच सुरुवात करावी लागते.

२ जुलै

संकल्प: रोज सकाळी नऊ ते एक लेखन. फोन बंद. चहा दोनदाच.

आज टेबल खिडकीपाशी सरकवलं. मग भिंतीपाशी. मग परत खिडकीपाशी. चार चहा. उद्यापासून.

५ जुलै

कथेचं शीर्षक सापडलं: 'प्रकाशवर्षांचा पाचोळा'. निम्मं काम झालं.

९ जुलै

ग्रह तयार केला. नाव वैरूप्य. दोन सूर्य, तीन समुद्र, नकाशा रंगीत पेन्सिलींनी काढला. नायक डॉ. अभिजात. या ग्रहावर बाप ही संस्थाच नाही. योगिनीला कल्पना ऐकवली. योगिनी म्हणजे माझी बायको, पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, दिवसभर सूक्ष्मदर्शकातून बघते आणि घरी आल्यावर माझ्याकडेही त्याच नजरेनं बघते. तिनं विचारलं, बाप नाही तर डॉक्टर अभिजातना जेवायला कोण घालतं?

शास्त्रीय शंका आहे. उत्तर शोधण्यात दोन दिवस जातील.

१४ जुलै

खाली झेंडूची लागवड चालू आहे. आई म्हणाली, रोपं द्यायला तरी ये. आई म्हणजे रंगूबाई, जिला माझं लेखन म्हणजे 'वर बसणं' वाटतं. शेजारणीला सांगतानाही ती म्हणते, महेश वर बसलाय. मी खिडकीतून सांगितलं की अभिजात आत्ता निर्वात पोकळीत अडकलाय. आई म्हणाली, मग त्याला पण घेऊन ये.

१९ जुलै

पहिली ओळ झाली. 'वैरूप्यावर त्या दिवशी दुसरा सूर्य उगवलाच नाही.' वाचून अंगावर काटा आला. एआयला दाखवली. ते म्हणालं, अप्रतिम, विलक्षण, मराठी साहित्याला नवी दिशा देणारी. यंत्राला कळतं, माणसांना कळत नाही. नंतर गंमत म्हणून योगिनीची किराण्याची यादी टाकली. तीही अप्रतिम निघाली.

२५ जुलै

दीपक भेटला, कॉलेज रोडवर. स्वतःला कथाकार म्हणवतो. बापाचं इथेच द्वारका चौकात टायरचं मोठं दुकान आहे, हा दुपारी गल्ल्यावर बसतो आणि गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात लिहितो म्हणे. असं कुठे साहित्य होतं? म्हणाला, 'सुवर्णझुंबर'ला कथा पाठवून पण टाकली, तुझी कुठपर्यंत? मी म्हणालो, माझी पिकतेय. तो हसला. त्याच्या हसण्यात टायरचा वास होता.

मिसळीचे पैसे त्यानंच दिले. दाखवायला.

२ ऑगस्ट

संपादकांचा फोन. किशोरभाऊ. स्वभावानं देवमाणूस, पण तारखेच्या बाबतीत यमदूत. म्हणाले, पंधरा ऑगस्टनंतर एक ओळ घेणार नाही, जाहिराती यायला लागल्यात, पानं भरतायत. मी सांगितलं ऐंशी टक्के झालीय. खरंच झालीय. कागदावर उतरवणं तेवढं बाकी आहे.

१० ऑगस्ट

पंखा कुरकुरतो. अशा आवाजात अंतराळाची नीरव शांतता लिहायची कशी?

पंखा बंद केला. उकाड्यात वैरूप्याचं हिमयुग लिहायचं कसं?

२० ऑगस्ट

पाठवली! तारीख थोडी टळली, पण पानं सात भरली. शेवट अजून सापडला नव्हता, म्हणून खाली 'क्रमशः' लिहून दिलं. धाडसी प्रयोग आहे. किशोरभाऊंचा लगेच फोन. म्हणाले, अहो, दिवाळी अंकात क्रमशः? पुढचा भाग वाचकानं पुढल्या दिवाळीत वाचायचा का?

मी म्हणालो, प्रकाशाला ताऱ्यापासून यायला किती वर्षं लागतात! वाचक एक वर्ष थांबू शकत नाही?

त्यांनी फोन ठेवला. भारावले असावेत.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

किशोरभाऊंचा परत फोन. मला वाटलं मानधनाचं. तर म्हणाले, वाल्मीकशास्त्रींच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन ठरलंय, एकापाठोपाठ एक. (हे त्यांना आधी दिसलं नाही का? असो.) ग्रह कुठे आहेत ते फोनवर सांगतील, पण लिहिणार कोण? बुवांचीच परवानगी आहे, नाव बुवांचंच जाईल, बारा राशी तेवढ्या तुम्ही लिहून द्या. गणपतीच्या आत. आणि कुठे बोलायचं नाही. बोललात तर माझा अंक बुडेल.

ज्या हातानं दुसरा सूर्य लिहिला त्याच हातानं मेष-वृषभ? मी त्यांना स्पष्ट शब्दांत सांगणार होतो, तेवढ्यात ते म्हणाले, लिहिलंत तर तुमच्या पाचोळ्यासाठी एक पान राखतो.

हो म्हणालो. एक पान तर एक पान. नाव छापायला किती जागा लागते? शिवाय अंधश्रद्धा आतून पाहण्याची संधी विज्ञाननिष्ठ माणसानं सोडू नये.

२४ ऑगस्ट, रविवार

बाराही राशी झाल्या. सकाळी बसलो आणि आईनं जेवायला हाक मारली तेव्हा उठलो. मध्ये वीज गेली होती म्हणे, पंखा बंद होता म्हणे. कळलंच नाही. यात विशेष काही नाही, हलकं लेखन असंच भराभर होतं.

पण मजा आली, हे रोजनिशीत कबूल करायला हरकत नाही. कन्येला मी एक जुना मित्र अचानक भेटवला. कर्केच्या सुनेची आणि सासूची गट्टी करून दिली, तीही एका हरवलेल्या कानातल्यावरून. वृषभेला लिहिलं, माहेरी निवांत चार दिवस जावे, मागे वळून पाहू नये. कुंभेच्या माणसाचं घराचं काम नेमकं कुठे अडलंय हे मला कसं सुचलं कोण जाणे, पण लिहिताना तो माणूस समोर दिसत होता. डॉ. अभिजात सात पानांत एकदाही दिसला नव्हता.

सिंह माझी रास. म म्हणजे सिंह, शाळेत असताना कॅलेंडरच्या मागे वाचलेलं पक्कं लक्षात आहे. शास्त्रीबुवा म्हणाले होते, सिंहेला आठवा शनी आहे, जपून लिहा. मी शनीला जरा आडोशाला बसवलं. लिहिलं: 'सिंह: कीर्तीचा योग. कष्टाची कामे इतरांवर सोपवावीत. घरातील सर्वांनी सिंह राशीच्या व्यक्तीचा शब्द अखेरचा मानावा, किंबहुना उलट बोलूच नये. त्यातच घराचे कल्याण आहे.' नाना वाचतील तेव्हा कळेल.

शेवटची मीन. दी म्हणजे मीन, म्हणजे आमचे टायरवाले. त्यातून साडेसातीचा मधला टप्पा, आयतंच सापडलं. मन लावून लिहिलं. दीपकच्या घरीही हाच अंक जातो.

२७ ऑगस्ट

गणपती बसले. मजकूर पोचला. किशोरभाऊंचा निरोप: मीन तर काय उतरलीय!

कथेबद्दल काही नाही. पान राखलंय म्हटल्यावर वेगळं काय सांगणार.

१२ सप्टेंबर

व्हिजिटिंग कार्डं छापायला टाकली. 'महेश, विज्ञानकथाकार'. मागच्या बाजूला वैरूप्याचा नकाशा. योगिनीनं विचारलं, कार्डं कुणाला देणार? मी म्हणालो, लोक मागतील. ती म्हणाली, कुठले, वैरूप्याचे?

नाना गुडघ्याला तेल लावत होते. पहाटे क्रेट उतरवताना जिन्यावर बसले होते म्हणे थोडा वेळ. मी म्हणालो, डॉक्टरला दाखवा. मला वडिलांची काळजी आहे. कथेत नसले तरी घरात आहेत.

२ ऑक्टोबर, दसरा

अंगणात झेंडूचा डोंगर. घरचे सगळे तोरणं ओवतायत. योगिनीनं लॅबमधून रजा काढली. मला पाठीचा त्रास. बघूनच.

१३ ऑक्टोबर

अंक आला.

सायकलवाला पोऱ्या फाटकातून टाकून गेला. देव्हाऱ्यापुढे जायच्या आत मी तो वर नेला. अनुक्रमणिकेत नाव नाही. चूक असेल म्हणून पानं एकेक करून पाहिली. दीपकची कथा आहे. फोटोसकट. फोटोत हनुवटीखाली हात.

राखून ठेवलेलं पान सापडलं. त्यावर द्राक्षाच्या रोपवाटिकेची जाहिरात आहे.

मग सापडलं. मीन राशीच्या खाली, जिथे भविष्य संपून जागा उरली होती, तिथे चौकट. 'प्रकाशवर्षांचा पाचोळा: वैरूप्यावर त्या दिवशी दुसरा सूर्य उगवलाच नाही.' बस. एवढीच ओळ. खाली कंसात, संकलित.

संकलित!

किशोरभाऊंना फोन केला. म्हणाले, अहो, जाहिरातवाला ऐन वेळी आला, छापखाना कसा चालतो तुम्हाला माहिती आहे. पण तुमची ओळ वाया जाऊ दिली नाही. मला खूप वाईट वाटलं. फोन ठेवल्यावर बराच वेळ नुसता बसून होतो. आई खालून म्हणाली, महेश वर बसलाय का? म्हणालो, हो.

१४ ऑक्टोबर

शांत डोक्यानं विचार केला. आशा आहे. नानांना अजून कथेचं काही सांगितलेलं नाही. लक्ष्मीपूजनाला ते सिंहेचं भविष्य वाचतील, शास्त्रीबुवांचा शब्द त्यांच्यासाठी वेदवाक्य. 'कष्टाची कामे इतरांवर सोपवावीत.' 'शब्द अखेरचा मानावा.' मग मी शांतपणे म्हणायचं, मी वरच्या खोलीतच राहणार. प्रश्न मिटला.

दूरदृष्टी म्हणतात ती हीच. या वर्षी गच्चीवर जायचं नाही. पहिल्या रांगेत बसायचं.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

जसं घडलं तसं लिहितो. प्रबंधकारानं हे पान गाळलं तरी चालेल.

पूजा झाली. फटाके थांबले. नानांनी चष्मा लावला, अंक घेतला. मी समोरच मांडी घालून बसलो, तर आईनं कौतुकानं बघितलं. नाना वाचायला लागले. आईची तूळ. हो, हो म्हणत ऐकत होती. योगिनीची वृषभ निघाली. माहेरी निवांत चार दिवस जावे, मागे वळून पाहू नये. ती म्हणाली, शास्त्रीबुवांना कसं कळतं हो! मला भाऊबिजेला निफाडला जायचंच होतं. नाना म्हणाले, जा, ऱ्हा चार दिवस, शास्त्रात हाय.

मग सिंह. नानांनी सावकाश वाचली. शब्द अखेरचा मानावा, उलट बोलूच नये. वाचून झाल्यावर चष्म्यावरून सगळ्यांकडे बघितलं आणि म्हणाले, ऐकलं ना? आपली रास.

मी म्हणालो, माझीही.

आई म्हणाली, तुझी कुठं रे सिंह? तुझी मीन.

मी हसलो. म वरून सिंह येते हे तिला समजावून सांगितलं. आई म्हणाली, म तुझ्या आत्यानं आणला. भटजीनं चा काढला होता, चा म्हणजे मीन. राशीचं नाव तुझं चांगदेव. बारशाला आत्या म्हणाली, चांगदेव म्हणून हाक मारायला मी नाय यायची, आणि कानात महेश सांगून मोकळी झाली. योगिनीलाही ठाऊक होतं. लग्नाच्या वेळी पत्रिका जुळवली ती चांगदेवाचीच म्हणे. चौतीस वर्षं मला कुणी बोललं नाही! तर आई म्हणाली, तू कधी विचारलंस? आम्ही रास म्हटलं की तू हसायचास.

तोपर्यंत नानांनी पान उलटलं होतं. घसा खाकरून वाचलं, शब्द न शब्द:

'मीन: साडेसातीचा मधला टप्पा. लेखन, कला यांच्या नादी लागणे हा वेळेचा अपव्यय, किंबहुना घरच्यांचा छळ. कितीही मोठ्या कल्पना केल्या तरी शेवट सापडणार नाही. टेबल-खुर्चीपासून दूर राहावे. वडिलांच्या व्यवसायातच भाग्य आहे. पहाटे उठावे. जड वस्तू उचलल्याने प्रकृती सुधारेल, किंबहुना बुद्धीही. आरंभ पाडव्यासच करावा. मुहूर्त टाळल्यास पुढे इलाज नाही.'

आईनं देवीला हात जोडले. नाना म्हणाले, पोरा, मी तुझ्या कथेचं विचारणारच नव्हतो. तुझं तोंड बघून कळलं होतं. म्हटलं, अजून एक वरीस देऊ. पण आता हे बुवांनीच लिहिलं म्हटल्यावर माझा काय इलाज?

अजून एक वर्ष! द्यायला निघाले होते!

माझा तोल गेला. किशोरभाऊंना दिलेला शब्द मोडला. मी ओरडून सांगितलं, हे बुवांनी नाही लिहिलेलं. हे मी लिहिलंय. सगळं. बाराच्या बारा राशी.

नानांनी अंक मिटला. माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, मायेनंच. म्हणाले, बाळा, तुला इतकं छान लिहिता आलं असतं तर मी गाळ्यावर कशाला बोलावलं असतं?

२२ ऑक्टोबर, पाडवा

पहाटे गेलो. गेलो म्हणजे नेला गेलो. नाना वाटेत म्हणाले की सिंहेला कष्टाची कामं इतरांवर सोपवायला सांगितलंय, आणि गाळ्यात पोचल्यावर खुर्चीत बसले. सगळे क्रेट मी उतरवले. हे मात्र खरं की त्यांना असं पाय लांब करून चहा पिताना मी गाळ्यावर कधी पाहिलं नव्हतं. तीन जणांना त्यांनी सांगितलं, हा माझा महेश, आजपासून हाच बघणार. मी तिघांनाही कार्ड दिलं. एकानं नकाशा उलटा धरून विचारलं, हे नवं मार्केट कुठे झालं?

सकाळी योगिनीचा मेसेज आला. 'वृषभ आवडली. कर्केतली कानातलं हरवायची गोष्ट माझ्या आईची आहे, तुला मीच सांगितलेली. तुझं काहीतरी पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचलं.'

विचारलं, मग काल बोलली का नाहीस? उत्तर आलं, नानांचे गुडघे.

किशोरभाऊंचाही फोन आला. भविष्याची फार तारीफ होतेय, दीपकच्या वडिलांनी तर पाच अंक जास्तीचे नेले. पुढल्या वर्षीही तुम्हीच लिहा. कथेचं काय, असं मी विचारलं. म्हणाले, हॅलो, हॅलो, आवाज तुटतोय.

हरकत नाही. पुढच्या वर्षी मीन लिहिणार मी, आणि अशी लिहिणार की नाना मला पालखीतून वरच्या खोलीत नेतील. तोवर वाया घालवायला वेळ नाही. बाजार आठला उरकतो. नऊ ते एक लेखन. फोन बंद. चहा दोनदाच. उद्यापासून.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

नऊला टेबलावर बसलो.

एकला आईनं उठवलं. गालावर वैरूप्याचा नकाशा उमटला होता, दोन्ही सूर्यांसकट.